शॉर्टकेकचं जेवण

ओट्यावर पिवळ्या वाट्यांचा पुडा ठेवलेला होता. पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या स्पंजकेकच्या वाट्या, मधे खळगा असलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या, आणि वर लाल अक्षरांत 'शॉर्टकेक' असं छापलेलं. व्हर्ली स्टॅम्परनं काखेतली स्ट्रॉबेऱ्यांची पाटी खाली ठेवली आणि ती पुड्याकडे बघत राहिली. कुणी परक्यानं आपल्या घरात शिरून आपल्याच खुर्चीत बसावं आणि वर आपल्यालाच 'या, बसा' म्हणावं, तसं काहीसं तिला झालं. तिनं कागदावरूनच एक वाटी बोटानं दाबली. ती दबली, बोट काढल्यावर हळूहळू परत वर आली. म्हणजे हा शॉर्टकेक. बरं. मग लग्न झाल्यापासून दर जूनला आपण काय करत होतो? पुडा कुणी आणला हे विचारायची गरजच नव्हती. आज संध्याकाळी जिनिव्हाची होणारी सासू पहिल्यांदा घरी जेवायला यायची होती आणि पोरीनं दोन दिवसांपासून घर डोक्यावर घेतलं होतं. पडदे धुतले, जिन्यातली हर्शेलची कामावरची बुटं लपवली, भिंतीवरचं आजोबांचं बंदूक घेतलेलं चित्र काढून पलंगाखाली सारलं. आता स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचली होती.

हर्शेल मागच्या दारानं आत आला. सकाळी दोघंही शहराबाहेरच्या शेतावर जाऊन स्ट्रॉबेऱ्या तोडून आली होती, त्याच्या गुडघ्यांवर अजून माती होती. त्यानं पुडा उचलला, उलटा करून पाहिला. "ह्यानं गाडी पुसायची का?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. एरवी व्हर्ली हसली असती. आज ती नुसतं "ठेव खाली" म्हणाली, तेव्हा त्यालाही समजलं आणि तो मुकाट्यानं आंघोळीला गेला. नवरा समजूतदार होता. कारखान्यात दिवसभर फ्रिजची दारं बसवायची आणि घरी आल्यावर बायकोच्या आणि लेकीच्या मधल्या दारात बोट सापडू द्यायचं नाही, एवढी अक्कल त्याला ह्या डेटन शहरात आल्यावर आली होती.

जिनिव्हा केसांना चिमटे लावलेल्या अवस्थेत दारात उभी राहिली. विमा कंपनीत टंकलेखन करणारी, नखं रंगवणारी, उंच मान असलेली आपली लेक. कचेरीत तिला सगळे जेन म्हणतात, हे व्हर्लीला टेलिफोनवरून कळलं होतं. कुणीतरी 'जेन आहे का' म्हणून विचारलं आणि तिनं 'इथं जेन-बीन कुणी नाही' म्हणून फोन ठेवून दिला होता. त्यावरून झालेलं भांडण आठवडाभर पुरलं होतं.

"पाहिलास ना पुडा? तेवढं आजच्या दिवस वापर, मम्मी. आणि मी डब्यातला हॅम आणलाय. तो ओव्हनमध्ये ठेवू, बरोबर बटाटे. आधी ते, मग हे, जेवणानंतर."

"जेवणानंतर कशाला? हेच जेवण."

"तेच सांगतेय मी तुला. शॉर्टकेक कुणी जेवत नाही. जेवल्यावर खातात. मिसेस श्रायबर काय म्हणतील? पोरीच्या घरी रांधायला काही नव्हतं वाटतं?"

"म्हणू देत. ओव्हन एकच आहे, तो मला लागणार आहे. हॅम उद्या खा."

"मम्मी, ऐक ना गं. एकदा तरी ऐक. आणि त्या दिवशीसारखं झालं म्हणजे?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि जिनिव्हानं ओठ मिटून घेतले. मग चिमटे चाचपत ती आत निघून गेली. व्हर्ली स्ट्रॉबेऱ्यांची देठं खुडायला बसली. म्हणजे पोरीला आठवत होतं. इतकी वर्षं व्हर्ली स्वतःची समजूत घालत आली होती की तेव्हा ती एवढीशी होती, दात पडत होते तिचे, तिला काय आठवणार. आणि ती तर तो दिवस पोटात घेऊनच वाढली होती. देठ खुडताना बोटं लाल होत गेली. फळ लहान होतं, गडद होतं, आतपर्यंत लाल होतं. दुकानातल्या फुगीर, मधे पांढऱ्या फळासारखं नव्हतं. निम्मी फळं तिनं वाडग्यात घेऊन काट्यानं ठेचली, निम्मी चिरून त्यांत टाकली, साखर घातली आणि वर ताट झाकून ठेवलं. आता ती आपलं पाणी आपणच सोडणार होती. तिथं माणसानं करण्यासारखं काही नसतं, वाट बघायची असते. आणि वाट बघताना तो दिवस आठवायचा नाही म्हटलं तरी आठवणारच.

केन्टकीचा डोंगर सोडून डेटनला आल्याचा तो पहिला जून. चर्चमध्ये स्ट्रॉबेऱ्यांचं सहभोजन होतं, बायकांनी आपापल्या घरून काही ना काही करून आणायचं होतं. व्हर्लीनं आपणहून बिस्किटं कबूल केली होती. डोंगरात बिस्किट म्हणजे कॉफीत बुडवायची गोड चकती नव्हे. बिस्किट म्हणजे ओव्हनमधून काढली की मुठीएवढी वर आलेली, पापुद्र्यापापुद्र्यांची, ऊन ऊन, मधोमध उकलली की वाफ सोडणारी वस्तू. त्याच्यावर स्ट्रॉबेऱ्या आणि दाट साय, हाच शॉर्टकेक, दुसरा कुठला तिला माहीत नव्हता. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून मैदा आणला, चरबी चोळली, ताक ओतलं, सगळं आई करायची तसं केलं. ओव्हन उघडला तर आत चपट्या, कडक, करड्या टिकल्या पडलेल्या. दुसरं करायला वेळही नव्हता आणि मैदाही नव्हता. तिनं त्याच नेल्या. एक बाई म्हणाली, "ह्या बुटांच्या टाचांना चांगल्या बसतील." दुसरी म्हणाली, "डोंगरात असंच खातात, बाई. दात कसे राहतात कोण जाणे." सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात दुष्टपणाही नव्हता, हीच गोष्ट व्हर्लीला जास्त लागली. माणूस घरात शिरलेल्या कुत्र्याला हसतं तसं त्या हसल्या होत्या. आणि तिच्या शेजारी बसलेली जिनिव्हा उठली, आपली बशी घेतली आणि पलीकडच्या टेबलाशी, त्या बायकांच्या पोरींमध्ये जाऊन बसली. रडली नाही, काही बोलली नाही, नुसती उठून गेली. व्हर्लीला अजूनही तिच्या फ्रॉकची मागची गाठ दिसते. घरी निघताना बांधून दिलेली, सुटत आलेली.

काय चुकलं हे तिला पुढच्या शनिवारी माहेरच्या स्वयंपाकघरात समजलं. डेटनमधली निम्मी डोंगरी माणसं शुक्रवारी भोंगा वाजला की गाडीत बसून दक्षिणेला गावी पळायची, तशी तीही गेली होती. आईच्या मैद्याच्या कापडी पिशवीवर, आयुष्यभर डोळ्यांसमोर असलेल्या त्या फुलाफुलांच्या पिशवीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की ह्यात मीठ आणि बेकिंग पावडर घातलेली आहे. डोंगरात मैदा म्हणजे हाच, फुगणारा. दुसऱ्या जातीचाही मैदा जगात असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. आईनं कधी बेकिंग पावडरचा डबा हातात धरला नव्हता. तिकडची प्रत्येक सून उत्तरेला आली की पहिल्या महिन्यात ही चूक करते आणि रडते. व्हर्ली रडली नाही. ती पिशवी भरून मैदा घेऊन आली आणि तेव्हापासून आजवर तिच्या घरात दुसरा मैदा शिरला नव्हता. दर फेरीला गाडीच्या मागच्या भागात पिशवी असायचीच. हर्शेल म्हणायचा, "लोक माहेरून रडं आणतात, माझी बायको मैदा आणते." पण चर्चमध्ये तिनं पुन्हा कधीही काही करून नेलं नाही. घरातच करायची, दार लावून घेतल्यासारखी, तिघांपुरती. ह्याचा तिला राग होता. त्या बायकांवरचा केव्हाच विरला होता, हा स्वतःवरचा होता. एकदा पडलो म्हणून इतकी वर्षं कुणाला उभं राहून दाखवलं नाही, हे काही स्टॅम्परांच्या किंवा तिच्या माहेरच्या रीतीला धरून नव्हतं.

ती उठली आणि तिनं मैद्याची पिशवी काढायला फळीकडे हात नेला. पिशवी नव्हती. तिच्या जागी नवेकोरे पत्र्याचे डबे होते, उतरत्या मापाचे, निळ्या कडांचे, आणि सगळ्यांत मोठ्यावर 'मैदा'. "जिनिव्हा," तिनं हाक मारली, "इथली पिशवी कुठंय?"

"टाकली. डब्यात ओतलाय सगळा," आतून आवाज आला. "पुरेना म्हणून दुकानातलाही आणून त्यात मिसळलाय. डबा भरलेला दिसायला हवा ना."

व्हर्ली डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली. आत पांढरं सपाट पीठ, माहेरचं आणि दुकानातलं एक झालेलं. आता ह्यात फुगणारं किती आणि न फुगणारं किती, हे देवालाच ठाऊक. कमी पडलं तर टाचा, जास्त झालं तर तोंडात कडू धातूची चव. तिच्या मनात आलं, सरळ पुडा फोडावा. पोरगी खूष होईल, हॅम होईल, बटाटे होतील, ती बाई दोन गोड शब्द बोलून घरी जाईल आणि ह्या घरातून डोंगर कायमचा जाईल. कुणाला कळणारही नाही. हा विचार आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. तिनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मीठ होतं. पण लांबून हाक यावी तसं होतं. पुन्हा एक चिमूट घेतली, पुन्हा डोळे मिटले. एरवी पिशवीतल्या पिठाचं मीठ जिभेच्या टोकाला लागायचं, हे मागे, दाढांपाशी लागत होतं. निम्मं, तिनं ठरवलं. फार तर निम्म्याला थोडं कमी. जिनिव्हानं दुकानातून आणलेल्या डब्यातली बेकिंग पावडर तिनं तळहातावरच घेतली, डब्यावर साध्या मैद्यासाठी छापलेल्या मापाच्या निम्मी, तसंच मीठ, आणि पिठात झटकून टाकलं. आता चुकलं तर चुकलं. निदान आपल्या हातानं चुकेल.

चरबी आणि लोणी दोन्ही गार होतं. तिनं ते बोटांच्या टोकांनी पिठात चोळलं, तळहात लागू न देता, जाड रव्यासारखं होईपर्यंत. मधे खड्डा करून ताक ओतलं. गोळा धरायला लागला तसे हात आवरते घेतले, कारण इथं उत्साह नडतो. थापायचं, घडी घालायची, पुन्हा थापायचं, पुरे. मग पत्र्याच्या गोल साच्यानं सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचं. लहानपणी ती साचा पिळायची आणि आई मनगटावर चापट द्यायची. "पिळतेस काय? धुणं आहे का ते?" पिळला की कडा मिटतात, आणि मिटलेलं पीठ वर येत नाही. आईचे हात तिला आता स्पष्ट दिसत होते, सांधे सुजलेले, चुलीच्या धगीनं केस जळालेले. जूनमध्ये जुन्या कुरणावर रानटी स्ट्रॉबेऱ्या पिकायच्या, करंगळीच्या नखाएवढ्या. पोरं दिवसभर वाकून वाकून तोडायची तेव्हा कुठे एक बादली व्हायची. संध्याकाळी बाप कोळशाच्या खाणीतून यायचा, काळा, फक्त हात आणि तोंड धुतलेला, आणि आई मोठ्या ऐटीत सांगायची, "आज स्वयंपाक नाही. आज शॉर्टकेक." काय आरडाओरडा करायची पोरं. वर्षातला एकच दिवस, दुसरं काही खायची सक्ती नाही, खोल वाडग्यातून, पोटाला तड लागेपर्यंत. बापही पोरांसारखा वाडगं चाटायचा. जगात आपल्याएवढी श्रीमंत माणसं नाहीत असं व्हर्लीला तेव्हा वाटायचं.

पुढे कधीतरी डेटनमध्ये, फ्रिज उघडून आतल्या दिव्याकडे बघत उभी असताना, तिला एकाएकी उलगडा झाला होता. जूनमध्ये धुरावून टिकवायला खोपट्यात टांगलेलं मांस संपलेलं असायचं, बटाटे संपलेले असायचे, नवं अजून हाताशी आलेलं नसायचं. त्या दिवशी घरात दुसरं काहीच नसायचं. मैदा, शेजारणीकडची साय आणि पोरांनी तोडलेली फळं. आईनं त्या नसण्याचा सण केला होता, आणि इतक्या तोऱ्यात केला होता की टेबलाशी बसलेल्या एकालाही संशय आला नाही. हे व्हर्लीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. हर्शेललाही नाही. 'रांधायला काही नव्हतं वाटतं?' असं मघाशी जिनिव्हा म्हणाली तेव्हा तिला म्हणावंसं वाटलं होतं, हो गं बाई, नव्हतंच. आणि म्हणूनच. पण ही गोष्ट तोंडानं सांगून समजण्यातली नाही. ती वाडग्यात वाढावी लागते.

तिनं बिस्किटं जाड लोखंडी तव्यात एकमेकांना खेटून लावली, म्हणजे ती एकमेकांच्या आधारानं वर येतात, आणि ओव्हनचं दार लावलं. मग खुर्ची ओढून समोर बसली. तिची आई म्हणायची, ओव्हनकडे बघत बसलं की भाजायला वेळ लागतो. लागू दे. घरात लोण्याचा वास सुटला. दाराची घंटा वाजली, बाहेरच्या खोलीत हर्शेलचा मोठा केलेला आवाज आला, जिनिव्हाचं पातळ हसू आलं, होणाऱ्या जावयाचं, डेलचं, 'ही माझी आई' आलं. व्हर्ली उठली नाही. पाहुण्याला सामोरं न जाणं हा उद्धटपणा होता हे तिला कळत होतं, पण ह्या घटकेला ती कुठल्याच राणीसाठी उठली नसती. तिनं ओव्हनचं दार उघडलं. तव्यातून एक आख्खी वस्ती वर आली होती. उंच, सोनेरी, बाजूंना पापुद्रे सुटलेली. एक बिस्किट जरा कललं होतं, तेवढंच. व्हर्लीनं क्षणभर ओट्याला धरलं. "आलात गं," ती त्यांना हळूच म्हणाली, पोरींना म्हणावं तशी.

मिसेस श्रायबर उंच, हाडापेरानं मोठी, मोत्यांची माळ घातलेली, बोलताना मान किंचित वाकवणारी बाई होती. वाईट नव्हती. जर्मन घरातली, स्वयंपाक जाणणारी असावी, कारण बसल्याबसल्या तिनं नाकानं वास घेतला आणि समाधान पावली. व्हर्लीनं खोल वाडगी मांडली. बिस्किटं सुरी न लावता हातांनी उकलली, ऊन ऊन असतानाच लोणी चोपडलं, वर लाल रस ओतला, पुन्हा वरचा भाग, पुन्हा रस, आणि न फेटलेली दाट साय कडेनं सोडली. प्रार्थना झाली. मिसेस श्रायबरनं चमच्याच्या टोकावर मावेल एवढं खाल्लं, भुवया उंचावल्या, आणखी एकदा खाल्लं आणि चमचा ठेवून दिला.

"फारच छान. पण मी थोडंच घेते हं. जेवणासाठी जागा ठेवायला हवी ना."

डेल वाडग्याकडे बघू लागला. हर्शेलनं व्हर्लीकडे पाहिलं. व्हर्लीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिनिव्हा खुर्ची सरकवून उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पाठमोरी. व्हर्लीला ती पाठ ओळखीची होती. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. झालं, व्हर्लीच्या मनात आलं, हॅम. चिरून ठेवलाय तिनं, ताटलीत मांडून ठेवलाय, मला दिसू नये म्हणून मागे. तिनं हात मांडीवर ठेवले. राग आला नाही. नुसतं खूप दमल्यासारखं झालं, डोंगरावरून डेटनपर्यंत चालत आल्यासारखं. मग फ्रिजचं दार बंद झालं आणि जिनिव्हा परत आली. तिच्या एका हातात सायीचा थंड जग होता आणि दुसऱ्या हातात फडक्यानं धरलेला तवा, उरलेल्या बिस्किटांचा.

"हेच जेवण आहे, मिसेस श्रायबर," जिनिव्हा म्हणाली. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते, पण आवाज सरळ होता. "पहिल्या स्ट्रॉबेऱ्या आल्या की आमच्याकडे त्या रात्री दुसरं काही करत नाहीत. नंतर काही येणार नाही. तेव्हा पोटभर घ्या."

"नंतर काही नाही?"

"काही नाही."

मिसेस श्रायबरनं जरा विचार केला. मग तिनं मोत्यांची माळ मागे सारली, वाडगं पुढे ओढलं आणि ती खरोखर जेवायला लागली. डेलनंही चमचा उचलला. दुसरं वाडगं निम्मं झाल्यावर मिसेस श्रायबर थांबली आणि तिनं एक पापुद्रा चमच्यानं उचलून दिव्याकडे धरला. "माझी आई असं करायची नाही, पण केलं असतं तर तिला आवडलं असतं," ती म्हणाली. "ही बिस्किटं कुणी केली?"

"मी," जिनिव्हा म्हणाली.

हर्शेलला ठसका लागला. जिनिव्हानं आईकडे पाहिलं नाही. ती वाडग्यात बघत होती, कानापर्यंत लाल झालेली, चमचा घट्ट धरलेली. आयुष्यात ज्या एका गोष्टीवर तिनं आपलं नाव सांगितलं असतं, ती गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत टेबलावरून उचलली गेली होती. मग एकाएकी तिला हसू फुटायला लागलं, पोटातून, आवरता आवरेना असं. अगं वेडे. माणूस चोरी करतं ती किमती वस्तूची. टाचा कुणी चोरत नाही. इतकी वर्षं ज्याच्यापासून ही पोरगी दूर उठून गेली होती, ते आज परक्या बाईसमोर खोटं बोलून आपलं म्हणत होती. ह्याहून जास्त आणखी काय मागायचं असतं? आईनं नसण्याचा सण केला. आपल्याला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणंही पुरणार नव्हतं, पोरीच्या खोट्याला हो म्हणावं लागणार होतं.

"हो, तिनंच केलीत," व्हर्ली मोठ्यानं म्हणाली. "मी आपली ओव्हनपाशी बसले होते. तिचा हात पहिल्यापासूनच हलका आहे."

"ते दिसतंच आहे," मिसेस श्रायबर म्हणाली आणि लेकाकडे वळली. "डेल, पुढच्या जूनला आपल्याकडे. मी बाकी काही करणार नाही. सगळं हिच्यावर."

"करेल की," व्हर्ली म्हणाली. "वर्ष आहे मधे."

जिनिव्हानं आता कुठे मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि भीती होती आणि आणखी काहीतरी होतं, ते व्हर्लीनं फार निरखून पाहिलं नाही. वाढण्याच्या गडबडीत तिचं स्वतःचं वाडगं तसंच राहिलं होतं. तिनं ते पुढे ओढलं, चमचा भरून घेतला आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं खावं तसं, चव घेत घेत, आपल्या लेकीच्या हातचं खायला लागली.